पांढरं असेल तर बिचारं, काळं असेल तर धुमाकूळ

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक,
तसेच पर्यावरणाची पुरवणी आणि जिल्हा पान सांभाळणारे त्यांचे सहकारी यांस,



२७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. आंतरराष्ट्रीय ध्रुवीय अस्वल दिनही त्याच तारखेला असतो. त्यामुळे त्या दिवशी पहिल्या पानावर कुसुमाग्रज आणि आतल्या कुठल्याशा पानावर खालच्या कोपऱ्यात बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल, ही तुमच्या अंकाची मांडणी मला आता पाठ झाली आहे. चित्राखाली ‘बिचारं’, ‘बेघर’, ‘मूक आक्रोश’ यांपैकी एखादा शब्द असतो. मग मार्च उजाडतो, ऊन चढतं आणि जिल्हा पानावर दुसरी बातमी येते. अमुक शिवारात अस्वलाचा धुमाकूळ, शेतकरी गंभीर जखमी, परिसरात घबराट. इथे ना बिचारं, ना आक्रोश. चित्रही बहुधा इंटरनेटवरून घेतलेलं असतं आणि कधीकधी ते आपल्याकडच्या अस्वलाचं नसतंच.

या दोन बातम्या एकाच अंकाच्या दोन पानांवर राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती नीट सांगायची तर जरा लांबण लागेल. भूगोलाचा मास्तर होतो, तास संपल्याची घंटा ऐकू न येण्याची खोड अजून गेलेली नाही. सांभाळून घ्या.

मी मोताळा तालुक्यातला. आमच्या जिल्ह्यात माणसाला गाव विचारण्याआधी ‘घाटावरचा की घाटाखालचा’ असं विचारतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि पूर्णेचं खोरं. खामगावहून बुलढाण्याकडे निघालात की बोथ्याच्या आसपास रस्ता जंगलात शिरतो. ते ज्ञानगंगा अभयारण्य. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर, १९९७ साली जाहीर झालेलं. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. दोन्हीकडे अस्वल आहे. बिबट्या आहे, तडस आहे, नीलगाय आहे, पण आमच्याकडे ‘जंगलात जपून जा’ असं म्हणतात तेव्हा मनात असतं ते अस्वलच.

लहानपणी अस्वल आमच्या दारातही यायचं. दरवेशी यायचा, त्याच्या हातात दोरी आणि दोरीला वेसण घातलेलं अस्वल. आजी पायलीतलं धान्य घालायची आणि अस्वलाचा केस मागून घ्यायची, ताईतात घालायला. त्या प्राण्याचे दात काढलेले असतात, नाकात तापलेली सळई घालून भोक पाडलेलं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा खेळ बरीच वर्षं चालू होता. सांगायचा मुद्दा असा, की अस्वल आम्हाला परकं कधीच नव्हतं. पांढरं अस्वल मात्र आम्हाला तुम्हीच दाखवलंत. आणि दाखवताना काही गोष्टी चुकवल्यात.

सगळ्यात जुनी चूक शब्दाची. तुम्ही लिहिता, ‘हिमनग वितळल्यामुळे ध्रुवीय अस्वलं बेघर.’ हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला कडा. अस्वलाचा संसार त्यावर चालत नाही. तो चालतो समुद्री बर्फावर, म्हणजे समुद्राचं पाणीच थंडीने गोठून जो थर तयार होतो त्यावर. या थराला भोकं आणि भेगा असतात. सील श्वास घ्यायला तिथे वर येतो आणि अस्वल तिथेच तासन्‌तास दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सीलचा पाठलाग करून त्याला पकडणं अस्वलाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे बर्फ हे त्याचं घर म्हणण्यापेक्षा शेत आहे असं म्हणा. वसंतात सीलची पिल्लं जन्मतात तेव्हा तिथे सुगी असते. त्या काही आठवड्यांत अंगावर जी चरबी चढते तिच्यावर पुढचा बर्फ नसलेला काळ जवळजवळ उपाशी काढायचा. बर्फ लवकर फुटला तर सुगी लवकर संपते आणि उशिरा गोठला तर उपास लांबतो. हिशेब एवढा सरळ आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

हिमनग म्हटल्यामुळे हा हिशेबच बातमीतून नाहीसा होतो. शिवाय वाचकाचा आणखी एक गोंधळ होतो. तरंगता समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून ग्लास सांडत नाही तसं. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ, म्हणजे ग्रीनलंडचा, अंटार्क्टिकाचा, हिमनद्यांचा, समुद्रात आला की, आणि समुद्र तापून फुगला की. दहावीच्या मुलाला एवढं कळतं. एका रंगीत पुरवणीत तर एकाच हिमनगावर अस्वल आणि पेंग्विन गुण्यागोविंदाने उभे होते. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. त्यांची भेट घडवायला मधली पृथ्वी गुंडाळून ठेवावी लागेल. ते कात्रण मी वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं, चूक शोधा म्हणून. अर्ध्या मिनिटात सापडली.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘ध्रुवीय अस्वलं नामशेष होणार’ असं तुम्ही मोघम छापता, म्हणजे वाचक एकदा हळहळतो आणि पान उलटतो. खरी माहिती जास्त बोलकी आहे. जगात ध्रुवीय अस्वलं अंदाजे २६ हजार आहेत. कॅनडा, अमेरिकेचं अलास्का, रशिया, नॉर्वे आणि ग्रीनलंड एवढाच त्यांचा मुलूख. शास्त्रज्ञ त्यांचे १९ गट मानत आले आहेत आणि सगळ्यांची स्थिती सारखी नाही. काही गट आज टिकून आहेत, काहींची नीट गणतीच झालेली नाही. पण हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचा गट, ज्याचा अभ्यास सगळ्यात जास्त वर्षं झाला आहे, तिथे १९८७ मध्ये सुमारे १,२०० अस्वलं होती, २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८. तिथला बर्फाविनाचा काळ १९८० च्या दशकापेक्षा सुमारे तीन आठवड्यांनी लांबला आहे. तीन आठवडे! आमच्याकडे पाऊस तीन आठवडे लांबला तर दुबार पेरणी होते. पुढचं वेगळं सांगायला नको.

आणि एक चित्रफीत तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. २०१७ च्या डिसेंबरात जगभर फिरलेली, हाडं निघालेलं, पाय ओढत चालणारं अस्वल. तुमच्या वाहिन्यांवर ती दिवसभर चालली. पुढच्याच वर्षी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने मान्य केलं की त्या एका अस्वलाच्या अवस्थेचा हवामानबदलाशी थेट संबंध जोडताना आपण फार पुढे गेलो. ते आजारी असेल, जखमी असेल, म्हातारं असेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. ही कबुली मराठीत निदान माझ्या वाचनात तरी आली नाही. हवामानबदल खोटा आहे म्हणणाऱ्यांच्या हातात असं कोलीत आपणच देतो. एकेका अस्वलाच्या मरणापेक्षा हडसन उपसागराचे ते तीन आकडे कितीतरी भक्कम आहेत. पण आकड्यांची चित्रफीत होत नाही, ही तुमची अडचणही मी समजू शकतो.

इथे वर्गातली एक गोष्ट सांगतो. सातवीच्या मुलांना मी सांगितलं, की पांढऱ्या अस्वलाचा केस मुळात पांढरा नसतो, रंगहीन आणि आतून पोकळ असतो. उजेड पडला की पांढरा दिसतो. आणि त्या केसाखालची कातडी चक्क काळी असते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बाप जंगलाच्या कडेला बकऱ्या राखायचा. म्हणाला, “सर, कातडी काळी हाय तं मंग थे आपल्याच अस्वलाचा भाऊ झाला ना?” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण पोरगं बरोबर होतं. दोन्ही एकाच कुळातली. आर्क्टिक हा शब्दच ग्रीकांच्या ‘आर्क्टोस’वरून, म्हणजे अस्वलावरून आला. उत्तर आकाशातल्या ज्या ताऱ्यांना ते अस्वल म्हणत, त्यांना आपण सप्तर्षी म्हणतो, आणि आपल्याकडेही शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींचं जुनं नाव ‘ऋक्ष’ असल्याचं सांगितलं आहे. ऋक्ष म्हणजे अस्वल. ‘आर्क्टोस’ आणि ‘ऋक्ष’ हे शब्दही भाऊबंदच. तेव्हा त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, होय रे, चुलतभाऊ.

आता ‘धुमाकूळ’कडे येतो.

डिसेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात रशियाच्या नोव्हाया झेमल्या बेटावरच्या बेलुश्या गुबा या वस्तीत पन्नासहून अधिक ध्रुवीय अस्वलं शिरली. इमारतींच्या जिन्यांत गेली, कचऱ्याच्या ढिगांवर बसली. लोक घराबाहेर पडायला धजेनात, आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणजे तुमचं ‘बिचारं’ अस्वलही भुकेलं आणि जमिनीवर अडकलं की गावात शिरतं, माणसाला घाबरवतं, प्रसंगी जीव घेतं. हडसन उपसागराच्या काठावरचं कॅनडातलं चर्चिल हे नऊशेच्या आसपास वस्तीचं गाव अशा पाहुण्यांबरोबर कित्येक दशकं राहतं आहे. तिथे अस्वलांसाठी गस्तीचं पथक आहे. गावात आलेल्या अस्वलाला कोंडून ठेवायची जागा आहे, तिला लोक ‘अस्वलांचा तुरुंग’ म्हणतात. समुद्र गोठला की त्याला सोडून देतात. गावाचा उघडा उकिरडा २००५ मध्ये बंद केला. रस्त्यात अस्वल समोर आलंच तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून गाडीचं दार कुलपाशिवाय ठेवण्याची रीत आहे. त्या गावातली बातमी ‘धुमाकूळ’ या एका शब्दात संपत नाही. पथक वेळेवर आलं का, उकिरडा झाकला होता का, यंदा बर्फ किती उशिरा धरला, हेही तिथे विचारलं जातं.

आमच्या बातमीत हे प्रश्न का नसतात? आमचं अस्वल मुख्यतः उधई, मुंग्या, मध आणि फळं खाणारं. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली उधई फुंकून, ओढून घेतं. तो आवाज शंभर पावलांवरून ऐकू येतो. बोर, उंबर, जांभूळ, टेंभुर्णी, सीताफळ, मोह ही त्याची पंगत. माणूस त्याच्या ताटात नाही. मग ते हल्ला का करतं? नजर मंद, वारुळात तोंड खुपसलेलं, वारा उलटा. माणूस दहा पावलांवर येईपर्यंत पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा पळायला दोघांनाही जागा नसते. ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि बोटबोट लांब नख्यांनी थेट चेहऱ्यावर येतं. ज्याने तो चेहरा पाहिला आहे तो ‘अस्वल गरीब आहे हो’ असं म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही. माझ्या गावातल्या एका माणसाचा डोळा असाच गेला. पहाटे शेताला पाणी द्यायला निघाला होता, कारण आदल्या दिवशी वीज नव्हती आणि रात्री उशिरा आली. बातमीत अस्वल होतं, वीज नव्हती. मी ती बातमी छापणाऱ्या दैनिकाच्या कार्यालयाला चिठ्ठी लिहून कळवलं, की त्याला आडवेळी शिवारात का जावं लागलं ते छापा, अर्धं उत्तर त्यात आहे. चिठ्ठी छापून आली, विजेचं वाक्य तेवढं कापलेलं होतं. जागेअभावी असेल.

तुमच्यापैकी काही जण इंग्रजी नावावरून त्याला ‘आळशी अस्वल’ म्हणतात. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नख्या पाहून त्याला अमेरिकेतल्या स्लॉथच्या जातीत घातलं, तिथून हे नाव चिकटलं. चूक त्याची होती, दुरुस्तही झाली. तुम्ही तिचं भाषांतर करून ती पुन्हा जिवंत करू नका. ‘अस्वल’ हा शब्द पुरे आहे.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी ज्ञानगंगेत पाणवठ्यावर मचाणावर बसलो होतो. वन्यजीव विभाग त्या रात्री प्राण्यांची नोंद करतो, आमच्यासारख्या हौशी लोकांनाही नाव नोंदवून बसता येतं. चांदणं टिपूर होतं, पण जमीन अजून भाजत होती. झाडांना पान नव्हतं. सालईची नागडी खोडं चांदण्यात चुन्याने सारवल्यासारखी दिसत होती. पाणवठा म्हणजे काय, तर सिमेंटचा उथळ बशीसारखा खड्डा, त्यात टँकरने ओतलेलं पाणी. जवळचा नाला होळीच्या आतच आटला होता. सोबतचा वनमजूर म्हणाला, “आधी वैशाखापर्यंत डबकं राहे इथं.” रात्री दीडच्या सुमाराला पाचोळा वाजला. मादी आली, पाठीवर दोन पिल्लं. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. ती पाण्याला तोंड लावून इतका वेळ प्यायली, की माझ्या पायाला मुंग्या आल्या. एक पिल्लू पाठीवरून घसरलं, पाण्यात पडलं, बाहेर आलं, पुन्हा चढलं. मग तिने मान वर करून वारा हुंगला. आमच्या मचाणाकडे नव्हे, गावाच्या दिशेने. तिकडे शेतं होती, ठिबक होतं, ओली माती होती. तिकडेच ती गेली.

सकाळी नोंदवहीत मी लिहिलं, अस्वल ३. त्या तीन अक्षरांत काय काय मावलं नाही, ते तेव्हापासून डोक्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, याचा हवामानबदलाशी संबंध आहे हे कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतः त्याला जपूनच उत्तर देईन, नाहीतर २०१७ च्या चित्रफितीचा दोष माझ्याकडेही यायचा. आमच्या अस्वलाच्या अडचणींची पहिली कारणं माणसाच्या हातची आहेत. जंगलाचे तुकडे झाले, कडेपर्यंत नांगर गेला, रस्ते आले, उन्हाळ्यातले वणवे लागले, लावले गेले. हवामानबदल या सगळ्यावर वरून बसतो. उन्हाळा तापला की पाणी लवकर आटतं, अवकाळीने मोहाचा बहर झोडपला की पंगत मोडते, आणि ज्या तासांत अस्वल पाण्याला निघतं त्याच थंड तासांत, पहाटे आणि तिन्हीसांजेला, माणूसही कामाला निघतो. दोघांचं वेळापत्रक ऊनच ठरवतं आणि ते एकच होत चाललं आहे. हे माझं शिवारातलं निरीक्षण, शास्त्राचा निष्कर्ष नव्हे. तो काढायला माणसं पाठवा, हेच तर मागतो आहे.

पावसाचं मात्र निरीक्षणावर सोडायची गरज नाही, ते तुमच्याच अंकात आहे. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला, की नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यांत आमच्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार होते. एक जिल्हा, एक पावसाळा, एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ. भेंडवळची घटमांडणी तुम्ही दर अक्षय्यतृतीयेला न चुकता छापता. घटातली मातीची ढेकळं आणि धान्य पाहून पाऊस-पिकांचं भाकीत. छापा, आमच्या जिल्ह्याची ती जुनी परंपरा आहे, माझा आकस नाही. पण भाकिताला मिळते तेवढी जागा वर्षअखेर हिशेबाला मिळाली असती तर? लोणारचं सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर घेतलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने कारण शोधलं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगाचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, ते आतल्या पानावर गेलं.

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे.  नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात, २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, ते हीच संस्था चालवते. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आर्क्टिकमधल्या, विशेषतः कारा समुद्राच्या भागातल्या उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतात मोसमाच्या शेवटी, सप्टेंबरात, होणारी अतिवृष्टी यांचा संबंध त्यांनी मांडला. बर्फ हटला की उघडा समुद्र तापतो, वरच्या हवेतल्या लाटांची घडी बदलते आणि तिचा धक्का अरबी समुद्रावरच्या बाष्पापर्यंत पोचतो. अमुक दिवसाचा अमुक पाऊस त्यामुळेच पडला असा याचा अर्थ नाही, तो घेऊही नका. पण सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे काय, हे तुमच्या जिल्हा प्रतिनिधीला विचारा. सप्टेंबर म्हणजे शेंगा भरलेलं सोयाबीन. त्या दिवसांत आठवडाभर झड लागली की शेंगेतल्या दाण्याला झाडावरच कोंब फुटतो. असं काळं पडलेलं, कोंब आलेलं सोयाबीन हातात घेऊन मी बांधावर उभा राहिलो आहे. कारा समुद्राच्या काठाने पांढरी अस्वलंच हिंडतात. ज्या बर्फाच्या नसण्याने त्यांची सुगी बुडते, त्याच नसण्याचा एक धागा आमच्या सुगीपर्यंत येत असेल, तर ही बातमी मराठी भाषा दिनाच्या कोपऱ्यात मावणारी नाही. ती पहिल्या पानाची आहे, बाजारभावाच्या शेजारची.

म्हणून काही विनंत्या. जिथे अस्वलाचा हल्ला होईल त्या बातमीत वेळ, जागा, माणूस तिथे का गेला होता, जवळचं पाणी कुठे आहे आणि ते कधी आटलं, एवढं विचारायची सवय तुमच्या प्रतिनिधींना लावा. जखमीला भरपाई मिळाली का, हे महिन्याने पुन्हा विचारा. पहिल्या दिवशीचं रक्त सगळे छापतात, चेहऱ्याच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणी छापत नाही. ‘नरभक्षक’ हा शब्द अस्वलासाठी वापरणं बंद करा, तो खोटा आहे. १२ ऑक्टोबरला, २०२२ पासून, आपल्या या अस्वलाचा जागतिक दिन असतो. भारत, नेपाळ, श्रीलंका आणि थोडं भूतान एवढ्याच प्रदेशात हा प्राणी उरला आहे, म्हणजे मुलुखाच्या मानाने पाहिलं तर तो पांढऱ्यापेक्षाही आपला. त्या दिवशी कोपरा तरी द्या.

वाघाचं तुम्ही फार केलंत, आणि ते चांगलंच केलंत. यवतमाळच्या टिपेश्वरहून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला, गळ्यात पट्टा असलेला तरुण वाघ तेलंगणातून, मराठवाड्यातून वाट काढत आमच्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. त्याची एकूण पायपीट ३,००० किलोमीटरच्या वर भरली. तुम्ही नकाशे छापलेत, आमची छाती फुगली. त्या काळात अलास्काच्या उत्तरेच्या बोफोर्ट समुद्रातल्या एका मादी अस्वलाची आठवण मला येत होती. २००८ मध्ये बर्फ शोधत ती सलग नऊ दिवस पोहली, ६८७ किलोमीटर. तिचं २२ टक्के वजन गेलं आणि सोबतचं पिल्लूही गेलं. वाघ जोडीदारीण आणि जागा शोधत होता, ती पाय टेकायला बर्फ शोधत होती. आणि ज्या जंगलात वाघाचा प्रवास संपला तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अस्वलांबद्दल त्या नकाशांच्या पानांवर एक ओळ नव्हती.

शेवटची विनंती कामाची आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला तुमच्या पुरवणीतला एखादा तरुण लेखक आणि एक छायाचित्रकार इकडे पाठवा. नावनोंदणी आधी करावी लागते. दुपारीच पोचायला हवं, अंधार पडल्यावर मचाणावर चढू देत नाहीत. अंगावर मळखाऊ कपडे, अत्तर नको, फ्लॅश तर मुळीच नको. मलकापूर स्टेशनला उतरलात तर एसटीने मोताळ्यापर्यंत या, पुढचं मी पाहतो. भाकरी, ठेचा आणि पाण्याची सोय माझ्याकडे. तुम्हाला इंटरनेटवरून चित्र घ्यायची पाळी येणार नाही. आणि त्या रात्री अस्वल आलंच नाही, तर पाणवठ्यावर टँकर किती वाजता आला आणि त्यात किती पाणी होतं, तेवढं तरी नोंदवून घेऊन जा.



आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
मोताळा तालुका, जि. बुलढाणा
(घाटाखाली)